परक्याचे लेकरू घरात घेताना

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरचे वक्ते बोलावतो. या वेळी समिती म्हणाली, तुम्हीच बोला. विषयही समितीनेच दिला. ज्या लेकरांना आईबाप नाहीत, किंवा असून नसल्यासारखे आहेत, त्यांना आपल्या घरात कायदेशीररीत्या कसे सांभाळायचे, असा तो विषय. आम्ही वकील नाही. कारखान्यात पाळी करून उरलेल्या वेळात जे वाचले आणि ठाण्याच्या ऑफिसात हेलपाटे घालून जे कळले, तेवढेच सांगणार आहोत.

हा विषय आपल्या वडप्यात का निघाला, ते आधी सांगितले पाहिजे. आपले गाव नाशिक हायवेवर. एका बाजूला गोडाऊनांच्या रांगा, पलीकडे भिवंडीचे यंत्रमाग. कुठून कुठून माणसे पोटासाठी इथे येतात. एखाद्या खोलीत नवरा-बायको आणि दोन पोरे राहतात. हायवेवर अपघात होतो, नाहीतर टीबीने माणूस जातो, नाहीतर बाई एकटी पडते आणि निघून जाते. 2020 च्या सप्टेंबरात भिवंडीत पटेल कंपाउंडमधली तीन मजली इमारत पहाटे कोसळली, तीसहून अधिक माणसे गेली. असे काही झाले की मोठ्यांची नावे पेपरात येतात, मागे राहिलेल्या पोराला मात्र शेजारची बाई आपल्या घरात घेते. भाकरी घालते, आपल्या पोरांत झोपवते. कुणाला विचारत नाही, कुणाला सांगतही नाही. आपल्या वस्तीत आज अशी लेकरे आहेत, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

परक्याचे मूल वाढवणे ही आपल्याला कुणी शिकवायची गोष्ट नाही. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेली. त्याला वाढवले ते महाप्रजापती गौतमीने. तिला स्वतःचा मुलगा होता, नंद. परंपरेत सांगतात की तिने नंदाला दाईकडे दिले आणि सिद्धार्थाला स्वतः दूध पाजले. दुसरे उदाहरण जीवकाचे. राजगृहात कचऱ्याच्या ढिगावर टाकलेले ते मूल. अभय राजकुमाराने ते पाहिले, उचलले, वाढवले. पुढे तक्षशिलेला जाऊन तो वैद्य झाला आणि खुद्द तथागतांवर त्याने उपचार केले. त्या ढिगाजवळून त्या सकाळी आणखी किती माणसे गेली असतील, ती कुणाला आठवतात?

आणि आपले बाबासाहेब. 1896 मध्ये भीमाबाई गेल्या तेव्हा भीवा पाच वर्षांच्या आसपासचा. रामजी सुभेदारांची बहीण मीराबाई, पाठीला कुबड असलेली ती आत्या, तिने त्या लेकरांचे केले. भाषणात आपण रमाईचे नाव घेतो, भीमाबाईंचे घेतो, मीराआत्याचे फारसे घेत नाही. आम्हाला वाटते की ते घेतले पाहिजे.

महात्मा फुले आणि सावित्रीमाईंनी तर रक्ताचे नातेही बघितले नाही. 1863 साली त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवा तिथे येऊन बाळंत होत. त्यांपैकी काशीबाईंचा मुलगा 1874 मध्ये त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. तो डॉक्टर झाला. 1897 च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करता करता सावित्रीमाई गेल्या.

म्हणजे मन आपल्याकडे आहे. कमी आहे तो कागद. आमचा आजचा सगळा मुद्दा एवढाच आहे.

कागद कशाला, माया पुरे, असे पुष्कळ जण म्हणतात. आपल्याच वस्तीतली एक गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या 74 व्या कलमाने अशा मुलाचे नाव, फोटो, शाळा, पत्ता जाहीर करायला मनाई आहे. (यावरून आठवले. वर्धापनदिनाला अनाथ मुलांना स्टेजवर बोलावून वह्या देतात, फोटो काढतात, बॅनरवर छापतात, ते आता बंद करावे. वह्या घरी नेऊन द्याव्यात.) तर एक बाई आहेत, विधवा, पन्नाशीच्या. गोडाऊनमध्ये झाडलोट करतात. त्यांच्याबरोबर काम करणारी एक बाई आजारपणात गेली. तिची नऊ वर्षांची मुलगी या मावशींनी घरी आणली. बापाचा पत्ता नाही. वर्षभर सगळे नीट चालले. मग मुलगी तापाने फणफणली, दवाखान्यात नेली, तिथे विचारले, "तुम्ही हिच्या कोण?" मावशी म्हणाल्या, "कुणी नाही, मीच सांभाळते." सही कुणाची घ्यायची यावर तासभर गेला. शाळेत तोच प्रश्न. पुढे एक माणूस आला, मी मुलीच्या बापाचा भाऊ आहे, हिला घेऊन जातो म्हणाला. खरा चुलता की कोण, कुणाला माहीत? वस्तीतल्या बायका आडव्या झाल्या म्हणून तो गेला. पण तो पोलीस घेऊन आला असता तर मावशींच्या हातात काय होते? दीड वर्ष घातलेल्या जेवणाची पावती कुणी देत नाही.

आणखी एक गोष्ट कुणाला माहीत नसते. आईबापापासून तुटलेले मूल सापडले तर 24 तासांच्या आत कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. 1098 या नंबरवर, पोलिसांना, बाल कल्याण समितीला किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला, यांपैकी कुठेही कळवले तरी चालते. न कळवणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. कोरोनात, 2021 साली, मोबाईलवर मेसेज फिरत होते की अमक्या बाळाचे आईबाप गेले, कुणाला हवे असेल तर या नंबरवर फोन करा. चांगल्या मनाच्या माणसांनीही ते पुढे पाठवले. परस्पर मूल देणे-घेणे हा गुन्हा आहे. त्यात पैसे फिरले तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. मुलांचा व्यापार करणारे असल्याच मेसेजच्या आड बसलेले असतात.

आता वाटा कोणत्या आहेत ते बघू. आपल्या लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. दत्तक, पालक, संगोपन, सगळे एकच समजतात.

दत्तक म्हणजे मूल कायमचे आपले. नाव आपले, वारसा आपला. यात बाबासाहेबांचा मोठा वाटा आहे. जुन्या हिंदू कायद्यात मुलगी दत्तक घेता येत नव्हती. हिंदू कोड बिलात दत्तकाचाही भाग होता. ते बिल रखडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी 1951 साली कायदेमंत्रिपद सोडले. पुढे त्याचे तुकडे करून कायदे झाले. त्यातला दत्तक व पोटगीचा कायदा 21 डिसेंबर 1956 चा, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर बरोबर पंधरा दिवसांनी आलेला. तो बौद्धांनाही लागू आहे. मुलगी दत्तक घेता येते, विधवेलाही घेता येते. पण दत्तक हा आजचा विषय नाही, त्याची प्रतीक्षायादी मोठी असते, ते पुन्हा कधीतरी बोलू.

दुसरी वाट, मूल नातेवाइकाकडे राहते ती. आजी, मामा, मावशी, चुलता. आपल्याकडे नव्वद टक्के प्रकार हाच, असे आम्ही वस्तीतल्या अनुभवावरून म्हणतो. अशांसाठी महाराष्ट्र शासनाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. अनाथ, एकच पालक असलेले, आईबाप तुरुंगात किंवा दुर्धर आजारात असलेले, अशा 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी महिन्याला रक्कम मिळते. आधी 425 रुपये होती, मग 1,100 झाली, 2023 मध्ये 2,250 झाली. विधवा आईसुद्धा आपल्या स्वतःच्या मुलासाठी अर्ज करू शकते, हे इथल्या पुष्कळ भगिनींना कुणी सांगितलेलेच नाही. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, शाळेचा बोनाफाईड, बँकेचे पासबुक, उत्पन्नाचा दाखला आणि घरासमोर मुलासोबत काढलेला फोटो एवढे गोळा करून ठेवा. आजोबा-आजी म्हणतात, नातवाचे पैसे काय घ्यायचे! अहो, ते तुमचे नाहीत, त्या पोराचे आहेत.

तिसरी वाट प्रतिपालकत्वाची. इंग्रजीत तिला फॉस्टर केअर म्हणतात. मूल आपल्या रक्ताचे नाही, दत्तकही घेतलेले नाही, पण बाल कल्याण समितीच्या आदेशाने ते आपल्या घरात राहते, वाढते, शिकते. बाल न्याय कायद्याचे 44 वे कलम याच्यासाठी आहे. मावशींचा प्रश्न या वाटेवरचा.

कोण होऊ शकते? 2024 पर्यंत सूचना अशा होत्या की नवरा-बायको दोघे असले पाहिजेत. 2024 मध्ये केंद्राने नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. आता एकट्या व्यक्तीलाही अर्ज करता येतो. लग्न न झालेली, विधवा, घटस्फोटित, नवऱ्यापासून वेगळी राहणारी, कुणीही. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी कुणीही सांभाळता येते, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. जोडपे असेल तर संसार निदान दोन वर्षांचा आणि दोघांच्या वयाची बेरीज निदान 70. एकटी व्यक्ती असेल तर सहा ते बारा वर्षांच्या मुलासाठी वय 35 ते 55, आणि बारा ते अठराच्या मुलासाठी 35 ते 60. मूल सहा वर्षांवरचे असावे लागते. त्याहून लहान बाळांना दत्तकाच्या वाटेने कायमचे घर मिळावे, असा त्यामागचा विचार. जे मूल दत्तक देण्याजोगे ठरले आहे ते लांब मुदतीच्या प्रतिपालकत्वात देऊ नये, असे कायदाच म्हणतो.

ही वये बघून आपल्या लक्षात काय येते? ही माणसे इथेच समोर बसली आहेत. ज्यांची मुले मोठी होऊन आपापल्या कामाला लागली, मुलगी सासरी गेली, अशी जोडपी. ज्या भगिनी एकट्या आहेत आणि संध्याकाळी विहारात येऊन बसतात, त्या. आमच्या पिढीला वाटते की आता आपले झाले. कायदा म्हणतो, तुमचेच वय बरोबर आहे.

अर्ज हल्ली ऑनलाईन होतो. दत्तकासाठी केंद्राचे जे पोर्टल आहे त्याच्यावरच प्रतिपालकांची नोंदणी होते. आपल्याला ते जमत नसेल तर ठाण्याला जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जायचे, तिथे जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे. गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती असते, त्यात सरपंच आणि अंगणवाडी सेविका असतात, त्यांनाही सोबत घ्यावे. ओळख, वय, पत्ता, उत्पन्न यांचे कागद लागतात. लग्नाचा, नवरा वारला असेल तर त्याच्या मृत्यूचा, घटस्फोट असेल तर त्याचा कागद लागतो. संसर्गाचा किंवा जिवावरचा आजार नाही असा डॉक्टरांचा दाखला लागतो. पोलीस चौकशी होते. मग सामाजिक कार्यकर्ता घरी येतो.

या गृहभेटीला आपली माणसे फार घाबरतात. एका खोलीचे घर, पत्रे, मोरी बाहेर, हे बघून नापास करतील असे वाटते. आम्ही ठाण्यात सरळ विचारले. घर स्वच्छ आहे का, मुलाला झोपायला सुरक्षित जागा आहे का, घरात दारू-मारहाण आहे का, घरातले सगळे राजी आहेत का, हे बघतात. कायद्यातही कुटुंबाची कुवत, इच्छा, मुले सांभाळल्याचा अनुभव असे शब्द आहेत. टाईल्सचा उल्लेख नाही. घरातल्या मुलांशीही बोलतात. तेव्हा त्यांना पढवून ठेवू नका. तुमच्या मुलीला मनातून नको असेल तर ते आधी कळलेले बरे. आणि पिणारा माणूस घरात असेल तर त्याने अर्जाच्या भानगडीत पडूच नये, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पाचवे शील म्हणताना आपण मोठ्याने म्हणतो, तिथे येणारा कार्यकर्ता नुसता वास घेतो.

हे सगळे झाल्यावर कुटुंब यादीत जाते. पुढे कोणते मूल, ते आपण निवडायचे नसते. मुलाची गरज बघून कुटुंब निवडतात, आधी गाठभेट घडवतात आणि शेवटी बाल कल्याण समिती आदेश काढते. या समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत निदान एक बाई असलीच पाहिजे. बहीणभाऊ असतील तर शक्यतो ताटातूट करायची नाही, असे कलमातच आहे. आदेश झाल्यावर दर महिन्याला तपासणी असते. हयगय दिसली तर मूल काढून दुसऱ्या घरी देतात. मुलासाठी महिन्याला 4,000 रुपये मिळतात, मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून. ते वेळेवर येतीलच असे समजून महिन्याचा हिशोब मांडू नका, शासनाचे पैसे आहेत. आणि ज्याला त्या चार हजारांसाठी मूल घ्यायचे आहे त्याने गोडाऊनला ओव्हरटाईम करावा, तो परवडेल.

आता जे बोलायचे ते थोडे कठीण आहे. प्रतिपालक हा मुलाचा मालक नाही. मुलाची आई जिवंत असेल, आजारातून उठली, तुरुंगातून सुटली, सावरली, तर ती समितीच्या परवानगीने भेटायला येऊ शकते आणि समितीची खात्री पटली तर मूल तिच्याकडे परत जाते. तुम्ही चार वर्षे केले असेल तरी जाते. त्या दिवशी रडू येईल. पण ते मूल परत जावे म्हणूनच ही व्यवस्था आहे. ज्याला हे सोसणार नाही त्याने ही वाट धरू नये. त्यात कमीपणा काही नाही. उलट मूल परत जाण्यासारखे नसेल, कायद्याने मोकळे झाले, तर दोन वर्षे सांभाळणाऱ्या कुटुंबाला ते दत्तक मागता येते. आधी ही मुदत पाच वर्षांची होती.

मुलाचे नाव बदलायचे नाही. आडनावही नाही. भिवंडीत काम करणारा बाप उत्तरेतला असेल, तेलुगू असेल, मुसलमान असेल. त्याचे लेकरू आपल्या घरात आले म्हणून त्याला लगेच त्रिशरण शिकवायची घाई करू नये. ते विहारात आले, बसले, शिकले तर आनंद आहे. पण त्याच्या आईने त्याला जे नाव दिले ते तिच्या हातचे शेवटचे देणे असू शकते. ज्यांच्यावर पिढ्यानपिढ्या नावे लादली गेली त्यांनी दुसऱ्याचे नाव पुसू नये.

आणि मूल आपल्याच समाजातले असेल तर त्याच्या बापाचे कागद सोन्यासारखे सांभाळा. 1990 साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या. पण पोराला जातीचा दाखला काढायचा तर बापाकडून, आजोबांकडून पुरावा लागतो, तोही 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. बाप गेल्यावर खोली रिकामी करताना शेजारी पत्र्याची पेटी भंगारात देतात. त्या पेटीतच आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असतो. पेटी भंगारात गेली की दहा-पंधरा वर्षांनी त्या मुलाच्या कॉलेजची जागा जाते. म्हणून मयताच्या घरी आपण जातो तेव्हा पुण्यानुमोदन झाल्यावर कुणीतरी एकाने कागद गोळा करून विहाराच्या कपाटात ठेवावेत. ज्यांचे कुणाचेच कागद नाहीत, अशा अनाथांसाठी महाराष्ट्रात 2018 पासून एक टक्का आरक्षण आहे. त्याला महिला व बाल विकास विभागाचे अनाथ प्रमाणपत्र लागते.

राहिली मावशींची गोष्ट. त्या समितीपुढे जायला तयार नव्हत्या. "गेले आणि पोरगी काढून घेतली तर?" हाच प्रश्न त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. आम्ही खोटे सांगितले नाही. काढून घेऊ शकतात, असेच सांगितले. चौकशी होईपर्यंत बालगृहात ठेवू शकतात, चुलता खरा निघाला तर त्याचाही विचार होईल. तीन आठवडे त्यांनी घेतले. मग एक दिवस कामावर खाडा करून निघाल्या, मुलगी बरोबर, महिला मंडळाच्या दोघी बरोबर. मुलीला समितीच्या बाईंनी वेगळे बसवून विचारले. ती काय बोलली, ते आम्हाला माहीत नाही आणि विचारणारही नाही. त्या दिवशी समितीने मुलीला योग्य व्यक्ती म्हणून तात्पुरते मावशींकडेच ठेवले. बापाच्या नातलगांचा शोध चालू आहे. मावशींचा प्रतिपालकत्वाचा अर्ज भरला आहे, गृहभेट झाली आहे, निर्णय अजून आलेला नाही. पण परवा शाळेत सहीची वेळ आली तेव्हा त्यांनी पिशवीतून आदेशाची झेरॉक्स काढली, आणि या वेळी "तुम्ही हिच्या कोण" असे कुणी विचारले नाही.

वस्तीत अजून तीन घरे आहेत. कोणती, ते इथे बोलणार नाही. येत्या रविवारी सकाळी वंदना झाल्यावर आम्ही आणि महिला मंडळाच्या दोघीजणी विहारातच बसणार आहोत. ज्यांच्याकडे नातेवाइकाचे मूल आहे त्यांनी बालसंगोपनाचे कागद आणावेत, ज्यांना प्रतिपालक व्हायचे आहे त्यांनी आधार आणि वयाचा दाखला आणावा. झेरॉक्सचा खर्च समिती करील. नुसते विचारायला आलात तरी चालेल, नाव कुठे लिहून घेणार नाही. ठाण्याला सोमवारी जायचे आहे, गाडीत चार जागा आहेत.

जय भीम! नमो बुद्धाय!